टाक्यांचा हिशेब

गोधडी ही काय लेख लिहिण्यासारखी वस्तू आहे का, असे आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मला विचारले. तिचे म्हणणे अगदीच चूक नाही. वार्षिकांकात पावसावर लेख येतो, सहलीवर येतो, 'मी मुख्यमंत्री झाले तर' यावरही येतो. पण गेल्या वर्षभरात मी वर्गातल्या बाकापेक्षा शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर अधिक वेळ बसले आहे. आणि जे पाहिले नाही त्या समुद्रावर लिहिण्यापेक्षा जे केले आहे त्यावर लिहावे, असे ठरवून लेखणी हातात घेतली. हे वाचून सरांनी हजेरीपट उघडू नये, एवढीच नम्र विनंती.

नागपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला मे महिना आठवतो, संत्री आठवतात. आमची थंडी कोणाच्या ध्यानात नसते. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस येथला पारा साडेतीन अंशांवर उतरला होता. त्या रात्री आमच्या घरात सहा माणसांना मिळून चार गोधड्या होत्या, आणि मी आजीच्या कुशीत होते. आजी गोधडीला वाकळ म्हणते. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे चार-पाच पदर एकावर एक अंथरायचे, काठ दुमडायचे आणि कडेकडेने धावदोरा घालत आत आत यायचे, ही तिची रीत. कापड विकत आणून केलेल्या गोधडीला ती गोधडी मानतच नाही. जे अंगावर फाटले तेच पुन्हा अंगावर घ्यायचे, हा त्यातला मूळ हिशेब. आपल्या अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा अशीच ठिगळांची वस्त्रे पांघरून गावोगाव हिंडले, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. गोधडीला याहून मोठा मान कोठला मिळणार?

आमची आई गोधड्या शिवून देते. माझ्या जन्माआधीपासून देते. एकदा पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री, अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून, मी तिच्या एका गोधडीचा हिशेब मांडला होता. पाच फूट रुंद, सात फूट लांब. ओळी एकेक इंचावर, म्हणजे साठ ओळी. प्रत्येक ओळ चौऱ्यांशी इंचांची. इंचाला चार टाके. गुणाकार केला तर वीस हजार एकशे साठ टाके झाले. मी मोठ्या उत्साहाने तिला आकडा सांगितला. ती दोरा दातांनी तोडत म्हणाली, "मोजून का थंडी कमी होते काय व?" आणि पुढची ओळ धरली.

या वीस हजारांतला प्रत्येक टाका उजव्या अंगठ्याने ढकललेला असतो. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी त्या अंगठ्याने संप पुकारला. आधी रात्री मुंग्या येत, मग बोट बधिर होई, मग एक दिवस चहाची कपबशी हातातून सुटली. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि दोन महिने सुईला शिवायचे नाही असे बजावले. आणि नेमकी त्याच आठवड्यात धरमपेठेतल्या एका बाईंकडून सहा गोधड्यांचे काम आले होते. त्यांच्याकडे जानेवारीत लग्न होते. आहेरात द्यायच्या होत्या. आगाऊ रक्कम घेतली होती, आणि तीतली निम्मी घरभाड्यात गेलीही होती. आई हाताने पंधरा दिवसांत एक गोधडी करते. पट्टा नसता तरी काम जेमतेम वेळेत झाले असते.

घरात मशीन होती. बाबांनी जुनी घेतलेली काळी 'उषा', पायाने चालवायची. जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यात या मशीनी काढायला सुरुवात केली आणि मग देशभर त्या घरोघर पोचल्या. आमच्या मशीनवर ब्लाउज होत, साडीला फॉल लागत, उशांचे अभ्रे होत. गोधडी मात्र तिच्यावर कधी चढली नव्हती. मी म्हटले, मी शिवते मशीनवर. आई काही बोलली नाही. आजी म्हणाली, "शिवू दे तिले. कालेजात जाते ते."

कालेजात जाणाऱ्या मुलीने पहिल्याच ओळीत गोधडीचे पोट फुगवून ठेवले.

का फुगले, हे समजायला मशीनच्या पोटात शिरावे लागते. सुईखालच्या पत्र्यात दोन फटी असतात आणि त्यांतून करवतीसारखे दाते वर येतात, कापड थोडे मागे सारतात, खाली जातात, पुन्हा पुढे येऊन वर येतात. सुईच्या टोकाशी भोक ठेवण्याची युक्ती एलियास हौ याच्या १८४६ च्या पेटंटात होती. सिंगरचे पेटंट १८५१ चे. पण हे चार चालींचे दाते ॲलन विल्सन नावाच्या माणसाने १८५४ साली पेटंट करून घेतले. नाव सिंगरचे झाले आणि कापड चालवतो तो विल्सन, असा हा प्रकार आहे. (गांधीजींचा यंत्रांना विरोध होता, पण १९२४ साली बोलताना त्यांनी सिंगरच्या मशीनला त्यातून सूट दिली होती. बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ती केली, असे त्यांचे म्हणणे. सिंगरची चरित्रे पाहिली तर गृहस्थ संसाराच्या बाबतीत फारसा आदर्श दिसत नाही. पण मशीन चांगली आहे, यात शंका नाही.) तर हे दाते खालचा पदर नेमाने मागे नेतात. वरून कापड दाबून धरणारा पाय मात्र जागच्या जागी असतो. दोन पदरांच्या ब्लाउजला ते चालून जाते. पाच पदरांच्या गोधडीत खालचे लुगडे दात्यांबरोबर निघून जाते आणि वरचे पायाखाली अडते. ओळीच्या शेवटी वरच्या कापडाची चार बोटे उरतात आणि त्यांच्या चुण्या पडतात. आधी कच्चे टाके घालून पदर टाचून घेतले तरी तेच. टाक्याची लांबी वाढवली तरी तेच.

बाबांच्या ओळखीचे एक चाचा मोमिनपुऱ्यात मशीनवर भरतकाम करतात. शेरवानीवरची वेलबुट्टी, शाळेच्या बँडचे बिल्ले, कोटाच्या खिशावरची नावे, असले काम. मी त्यांच्याकडे फुगलेली गोधडी घेऊन गेले. त्यांनी ती पाहिली, हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मग आपल्या मशीनवर काम करून दाखवले. सुईखाली रिंगमध्ये ताणलेले कापड होते आणि ते पुढे, मागे, आडवे, गोल, वाटेल तिकडे फिरत होते. मशीनला दातेच नव्हते. दाबणारा पायही नव्हता. नुसती सुई खालीवर होत होती आणि चाचांचे दोन हात रिंग फिरवत होते. मला क्षणभर वाटले, लेखणी जागच्या जागी ठेवून कागद हलवत कोणी अक्षर काढतो आहे.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले, पत्रा काढला, खालचे दोन स्क्रू सोडवले आणि दात्यांचा तो इवलासा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "दाँत निकाल दिए. अब ये सिर्फ सुई ऊपर-नीचे करेगी. कपड़ा कितना चलेगा, किधर चलेगा, वो तुम जानो."

तोवर टाक्याची लांबी हे मशीनवरच्या एका खिट्टीचे काम आहे, अशी माझी समजूत होती. आता ती खिट्टी निरुपयोगी झाली. पाय सुई चालवतो, हात कापड चालवतात, आणि या दोघांच्या चालीतून टाका ठरतो. पाय जोरात आणि हात सावकाश असला तर टाके मोहरीएवढे होतात. हात घाईत आणि पाय मंद असला तर अंगठ्याएवढे. मी छोट्या चाकावर खडूची खूण करून मोजले. आमच्या मशीनचे पायडल एकदा खालीवर झाले की सुई जवळपास चार वेळा खालीवर होते. सेकंदाला एकदा पायडल मारले तर सेकंदाला चार टाके. त्या सेकंदात हाताने कापड एक सेंटिमीटर सरकवले तर टाका अडीच मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला दहा. कागदावर हे गणित सहावीच्या मुलालाही येईल. ते पायात उतरायला मला दोन महिने लागले. परदेशातल्या काही मशीनींत म्हणे आता अशी सोय असते की हात मंदावला तर सुई आपोआप मंदावते. आमच्या उषाला तेवढी समज नाही.

चाचांनी पहिला आठवडा दोरा ओवू दिला नाही. कापडही नाही. सुईखाली नुसता कागद. त्यांच्या उस्तादांनी त्यांना सुरुवातीला नुसते पायडल मारत बसवले होते म्हणे. माझ्यावर त्यांनी दया केली. मी पहिल्या वर्षाची अर्थशास्त्राची वही काढली. मागणीचा नियम सुईखाली धरला आणि रेघेवरून चालवू लागले. मग तो कागद खिडकीतल्या उजेडासमोर धरायचा. भोकांची रांग दिसते. ती पाहून माणसाला आपल्या स्वभावाची लाज वाटावी, अशी ती रांग होती. सरळ रेघेवर भोके लांब लांब, आणि वळण आले की एकमेकांवर चढलेली, जणू वळणावर सगळ्यांनी बैठक मारली आहे. कंपासपेटीतली पट्टी लावून मोजले तर एकाच ओळीत एक मिलिमीटरपासून सातपर्यंत सगळी मापे निघाली. कारण असे की वळण दिसले की हात बिचकतो आणि मंदावतो. पायाला मात्र वळण दिसत नाही, तो आपल्या चालीत चाललेला असतो. मग मी सुईने अक्षरे काढू लागले. 'ग' सोपा, 'प' सोपा. 'ळ' मध्ये दोन्ही पोटांच्या मधोमध कागद फाटे. 'क्ष' अजून साधलेला नाही.

"पैर मत बदल, हाथ बदल," हे चाचांचे एकच वाक्य होते. म्हणजे पायाची चाल एकसारखी ठेवायची आणि वळणावर हाताने घाबरायचे नाही. पाय एकसारखा राहावा म्हणून मी एक तोडगा काढला. मराठीच्या तासाला वृत्ते चालू होती. भुजंगप्रयाताचे लगागा लगागा मनात म्हणत पायडल मारू लागले. पाहते तो एक टाका लहान, दोन मोठे, एक लहान, दोन मोठे! वृत्त अचूक होते, शिलाई नव्हती. शेवटी शाळेच्या कवायतीतले एक-दोन, एक-दोन कामी आले. आजीला वाटे, मी अभ्यास करते आहे.

दोरा ओवल्यावर नवी संकटे आली. पहिल्या दिवशी वरून टाके बरे दिसले, आणि कापड उलटे केले तर खाली सुगरणीचे घरटे! अर्धा दिवस मी बॉबिनला शिव्या दिल्या. दोष बॉबिनचा नव्हता. दाबणारा पाय काढून टाकला आहे, मग त्याची दांडी खाली पाडायची कशाला, असे मला वाटले होते. पण ती दांडी वर असली की वरच्या दोऱ्याचा ताण सुटतो. पाय नसला तरी दांडी पाडायचीच. सुया चार मोडल्या. सुई कापडात असताना हाताने हिसका दिला की ती वाकते, पत्र्यावर आपटते आणि तुकडा उडतो. चौथा तुकडा गालाला लागला तेव्हा आईने बाबांचा गाडीवरचा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला. तो घालून मी शिवत असताना धाकटा भाऊ मित्रांना घेऊन पाहायला येई. जाड पदर सुईबरोबर वर उचलले जात आणि टाका चुके. त्यावर इतवारीत मशीनचे सुटे भाग मिळतात तिथून स्प्रिंगचा पाय आणला. तो सुई खाली आली की कापड दाबतो, वर गेली की सोडतो. सोळा नंबरची सुई घातली. हळूहळू जमू लागले.

दिवाळीनंतर गोधडी मशीनवर चढली. मशीनच्या कमानीखाली जागा असते वीतभर, आणि गोधडी पाच फुटांची. ती दोन्ही बाजूंनी वळकटीसारखी गुंडाळायची आणि मधली वीतभर पट्टी शिवायची. तरी एक खोड जाईना. उजव्या बाजूला टाके बारीक पडत. माझे कवायतीचे एक-दोन ठीक होते, हातही बिचकत नव्हता. आई शेजारी पट्टा बांधलेला हात मांडीवर ठेवून बसली होती. ती म्हणाली, "वाकळ खाली लोंबून राह्यली. तुह्या हाताले वढून राह्यली." बरोबर होते. गुंडाळीचे वजन टेबलाखाली लोंबत होते आणि मी पुढे सरकवीन त्यापेक्षा कापड कमी सरकत होते. त्या दिवसापासून ती समोर बसून गुंडाळी दोन्ही हातांवर तोलून धरी, आणि मी सरकवीन तेवढीच सोडी. ती बोलत नसे, पण मी घाई करू लागले की गुंडाळी किंचित जड होई.

पहिल्या दोन गोधड्या मी आठ दिवसांत केल्या आणि हातावर हात मारला. इंचाला बारा-बारा टाके, ओळी इंचावर, एकही चुणी नाही. धरमपेठेतल्या बाईंनी त्या हातात घेतल्या, उलट्यासुलट्या केल्या, आणि सभ्यपणे म्हणाल्या, "काम फार नीट आहे. पण ही पांघरायची की अंथरायची?"

घरी येऊन आईने ती गालाला लावून पाहिली. चटई झाली होती. हाताच्या टाक्यात दोरा कधी वर, कधी खाली, सैल. पदर एकमेकांवर हलतात, मध्ये हवा राहते. मशीनच्या टाक्यात वरून दोरा, खालून दोरा, दोघेही पदरांना आवळतात. मी साठ हजार ठिकाणी आवळले होते. मला वाटत होते की टाका बारीक म्हणजे काम चांगले, आणि आईच्या इंचाला चार टाक्यांकडे मी मनातल्या मनात जरा वरूनच पाहत असे. ती म्हणाली, "दम घ्याले जागा ठेव तिले." मग ओळी दोन-दोन बोटांवर घ्यायच्या आणि टाके इंचाला सहा-सात ठेवायचे, असे ठरले. ठरवणे सोपे. टाका लांब करायला पाय मंद करावा तर पायाच्या मशीनचे चाक फार सावकाश चालत नाही. अडखळते, उलटे फिरते आणि दोरा तुटतो. म्हणजे पाय आहे तसाच ठेवून हात जवळपास दुप्पट जलद न्यायचा. जो हात बिचकू नये म्हणून मी दोन महिने झगडले, त्याला आता धावायला सांगायचे होते. पुन्हा अर्थशास्त्राची वही.

त्या दोन गोधड्या उसवायला शिवण्याच्या दुप्पट दिवस लागले. खालच्या बाजूने दर चौथा टाका कापायचा आणि वरून दोरा ओढून काढायचा. आजी, भाऊ, मी, तिघे बसत होतो. या काळात अंतर्गत परीक्षा झाली. तिच्या गुणांबद्दल येथे लिहिण्यासारखे काही नाही. सहाही गोधड्या लग्नाच्या आठ दिवस आधी पोचल्या. बाईंनी शेवटची गालाला लावली, आणि पैसे मोजून दिले. भाडे गेले, आईच्या औषधाचे गेले, माझा परीक्षेचा फॉर्म भरला.

येथे हा लेख संपवला असता तर माझी शोभा राहिली असती.

आजीच्या लोखंडी पेटीत तळाशी एक पांढरे लुगडे होते. ते तिच्या आईचे, म्हणजे माझ्या पणजीचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या समोर लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून उभी होती. त्यांत ते लुगडे होते. आजी तेव्हा सहा वर्षांची, वडिलांच्या खांद्यावर. तिला बाबासाहेब दिसले की नाही हे ती कधी ठाम सांगत नाही. "पांढरंच पांढरं दिसे," एवढेच सांगते. त्या वर्षीच्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला गाडगेबाबा. पणजीने ते लुगडे पुन्हा नेसले नाही.

आजीच्या मनात होते की ते आता घरच्या वाकळीत घालावे; पेटीत कसर लागण्यापेक्षा अंगावर असावे. आतल्या पदरात घालायचे, असे आईचे म्हणणे. मी म्हटले, वर घेऊ, आणि मधोमध मी धम्मचक्र शिवते, चोवीस आऱ्यांचे, निळ्या दोऱ्याने. सहा गोधड्या झाल्या होत्या. इंचाला सात टाके डोळे मिटून पडत होते. आई म्हणाली, "जुनं आहे, जपून." मी जपूनच केले, असे मला तेव्हा वाटले.

बाहेरचे वर्तुळ सुरेख आले. टाका न् टाका सारखा. मग आरे. वर्तुळापासून मध्यापर्यंत जायचे, मध्यावर वळायचे आणि पुढच्या आऱ्याने परत यायचे. प्रत्येक वळणावर हात क्षणभर थांबतो. कितीही शिकले तरी टोकावर थांबतोच. पाय थांबत नाही. दर वळणाला मध्यावर चार-पाच टाके एकाच जागी पडत होते. चोवीस आरे म्हणजे बारा वळणे. पन्नास-साठ भोके एका रुपयाएवढ्या जागेत, सहा गोधड्या शिवून बोथट झालेल्या सोळा नंबरच्या सुईने, अडुसष्ट वर्षे जुन्या सुतात. विसाव्या आऱ्याला मला वेगळा आवाज आला. टाक्याचा नव्हे, टपालाचे तिकीट पानापासून वेगळे करताना येतो तसा. चक्राचा मध्य गळून हातात आला.

मी मशीन थांबवली. आई समोर गुंडाळी धरून बसली होती; तिने ती खाली ठेवली नाही. आजी दारात शेंगा निवडत होती. तिला कमी दिसते. कोणी काही बोलेना म्हणून तिनेच विचारले, "का झालं व?" मला सांगता येईना. आईने सांगितले. आजी बऱ्याच वेळाने म्हणाली, "मंग?" म्हणजे, आता पुढे काय करता, असे. तिच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते.

रात्री आईने अंगठ्याचा पट्टा सोडला. डॉक्टरांचे दोन महिने उलटून गेले होते, तरी मी नको म्हटले. तिने ऐकले नाही. त्याच लुगड्याच्या पदराशी, आत दुमडलेल्या भागातून, तिने तळहाताएवढा गोल कापला, छिद्राखाली सरकवला आणि बारीक सुईने फाटलेल्या कडा एकेक करून त्यावर बसवल्या. चार टाके घाली, हात झटकी, पुन्हा चार टाके. मी कंदिलासारखा मोबाईल धरून उभी होते. इंचाला किती टाके, हे मी पाहिले नाही. पहाटेपर्यंत मध्य बसला. उरलेले चार आरे तिने मला हाताने घालायला लावले.

यंदा नोव्हेंबरपासून ती वाकळ आजी घेते. पहिल्या रात्री तिने ती चाचपून पाहिली. बोटे निळ्या वर्तुळावरून फिरली, आऱ्यावरून आत गेली आणि मध्यावर थांबली.

"हे हातचं आहे," ती म्हणाली.

"मायनं केलं," मी म्हटले.

"अन् हे?" तिचे बोट शेवटच्या चार आऱ्यांवर होते. टाके वेडेवाकडे, एक मोठा, एक लहान.

"ते माझं."

"दिसतेच," म्हणून तिने वाकळ नाकापर्यंत ओढली.

चाचांना मी सगळे सांगितले. ते म्हणाले, बाराही वळणे एका बिंदूवर न्यायची नसतात. मध्ये एक छोटे वर्तुळ ठेवायचे आणि आरे त्याच्या काठाला टेकवून परत फिरायचे. झेंड्यावरच्या चक्राकडे नीट पाहिले असते तर तेथेही मध्ये तसेच वर्तुळ आहे, हे दिसले असते. शाळेपासून मी त्या चक्राला सलामी देते आहे. सध्या मी कागदावर ते चक्र घालते. अर्थशास्त्राची वही संपली. आता राज्यशास्त्राची चालू आहे.